घरापासून ७० मीटरवर मांगर आणि गोठा: वीज न्यायची कशी? (राजापूर तालुका)

कातळकाठ

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. मागीलदारातून बाहेर पडलं की थोडा उतार, मग गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) आणि गडग्यापलीकडे मांगर, म्हणजे शेतातली खोपी. टेपने मोजलं तर ७० मीटर. मांगराच्या एका अंगाला गोठा, दुसरीकडे लाकडं, पेंढा आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या. आजवर तिथे वीज नाही, आईबाबा पहाटे बॅटरी घेऊन दूध काढायला जातात. आता बाबांना तीन दिवे, एक पंखा आणि २ एचपीचं कुट्टी मशीन (चारा कापायचं) हवं आहे.

गावातले वायरमन म्हणतात, "पडवीतल्या प्लगवरून अडीचची वायर काढू, काजूच्या झाडांना बांधत नेऊ, अर्ध्या दिवसाचं काम." आर्थिंगचं विचारलं तर म्हणाले, "घरी आहे की, गोठ्याला आणि कशाला?"

मी मुंबईत असतो, गणपतीला गावी जाईन तेव्हाच काम करून घ्यायचं आहे. वायर किती जाडीची? वरून न्यावी की जमिनीतून? वेगळं मीटर घ्यावं लागेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

चिरेबंदी

पहिली गोष्ट, झाडाला वायर बांधू देऊ नका. बाकीचं तज्ज्ञ सांगतीलच.

खाडीकाठ

+१. मी दापोलीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्या वाडीत माड आणि पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. ज्या ज्या घरांनी न्हाणीघरात, गोठ्यात, पंपघरात झाडांवरून वायरी नेल्या होत्या त्या सगळ्या जमिनीवर. वाडीत तेव्हा कितीतरी दिवस वीजच नव्हती म्हणून निभावलं. लाइन चालू झाली तेव्हा कुठली वायर कुठे चिखलात पडली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांची गोठ्याची केबल गडग्याच्या कडेने जमिनीतून होती, तिला काही झालं नाही.

वादळ सोडा, एरवीही झाड वाऱ्यावर हलत राहतं आणि वायर बुंध्यावर घासत राहते. दोनेक पावसाळ्यांत आवरण उघडं पडतं, तेही नेमकं ओल्या झाडावर.

मेगरवाले काका

कातळकाठ, प्रश्न चांगला विचारलात. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. जरा सविस्तर लिहितो.

आधी वायरची जाडी. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. तुमचे ७० मीटर जायचे आणि ७० यायचे, म्हणजे १४० मीटर. रोध झाला १ ओहमच्या किंचित वर. दिवे आणि पंख्याला याने काही फरक पडत नाही. पण २ एचपीचं सिंगल फेज मशीन चालताना १०–११ अँपिअर घेतं आणि सुरू होताना त्याच्या पाचेक पट, म्हणजे ५०–५५. तेवढ्या क्षणी वायरीतच ५०–५५ व्होल्ट पडतात. संध्याकाळी तुमच्या घरी २०० व्होल्ट येत असतील तर मोटारीला १४५ मिळणार. ती घुंघुं करत जागच्या जागी तापणार आणि तुम्ही मोटारवाल्याला शिव्या घालणार.

सहा स्क्वेअर एमएम तांब्याला हाच रोध किलोमीटरला ३.०८ ओहम. चालताना ५ व्होल्टच्या आत, सुरू होताना २४ च्या आसपास घट. हे चालतं. दहा स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियमचा रोधही तेवढाच आणि पैसे कमी, पण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचे जोड सैल पडतात, पांढरी भुकटी धरते. बरोबर लग दाबून, वर्षाआड जोड तपासणारा माणूस असेल तर घ्या. तुम्ही मुंबईत, आईबाबा गावी. मी तांबं घेईन.

पण खरं सांगायचं तर जाडी हा तुमचा मुख्य प्रश्नच नाही. वायर बारीक पडली तर मोटार जळेल. आर्थिंग नसेल तर जनावर मरेल, नाहीतर दूध काढायला बसलेला माणूस. त्याबद्दल रात्री लिहितो, बाजारात जायचंय.

मांगरवाडी

काकानु, रात्री नक्की लिवा. आमच्या गोठ्यात पावसात दावणीच्या साखळेक हात लावलो की मुंगयो येतत. वायरमन म्हणता, 'ओल आसा म्हणान.'

चिरेबंदी

ओल आहे म्हणून मुंग्या येत नाहीत हो, कुठेतरी करंट उतरतोय म्हणून येतात! आजच मेन बंद करून गोठ्याची वायर सोडवा.

वळीव

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवली की शॉकचा प्रश्न मिटतो ना? आमच्याकडे सगळीकडे एमसीबी आहेत.

मेगरवाले काका

मांगरवाडी, चिरेबंदी म्हणतात तसं आजच करा. उद्या नको.

वळीव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणि आर्थिंगचं उत्तर एकच आहे.

आपल्याकडे गावात पोलवरून दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपला आपण जमिनीत करायचा असतो. आता समजा कुट्टी मशीनमध्ये आवरण फाटलं आणि फेज बॉडीला टेकला. करंट बॉडीतून अर्थच्या वायरने तुमच्या आर्थिंगच्या खड्ड्यात, तिथून मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थकडे असा परत जाणार. तुमच्या खड्ड्याचा रोध ४० ओहम धरा. सड्यावर, जांभ्या कातळात, उन्हाळ्यात ४० म्हणजे काही वाईट आकडा नाही, मी याहून भयंकर पाहिलेत. २३० भागिले चाळीस–बेचाळीस, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या आसपास. २० अँपिअरच्या एमसीबीला तो साधा लोड वाटतो. ती आयुष्यभर पडणार नाही. आणि तेवढा वेळ मशीनच्या बॉडीवर जवळजवळ २२० व्होल्ट बसून राहणार.

एमसीबी वायर वाचवायला असते. माणूस वाचवते ती आरसीसीबी. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती तोडते. ४० ओहमच्या खड्ड्यावर साडेपाच अँपिअर गळाले तर ती तत्क्षणी पडेल. खड्डा १०० ओहमचा असला तरी पडेल. म्हणूनच आमच्या कातळावर आरसीसीबी ही चैन नाही, तिच्याशिवाय आर्थिंगचा उपयोगच होत नाही. आणि उलटंही खरं आहे. आर्थिंग नसेल तर आरसीसीबी गुपचूप बसून राहते, कुणीतरी हात लावेपर्यंत. मग ती पडते, पण झटका बसून. दोन्ही हवं.

गुरांचं आणखी वेगळं. माणसाच्या पायात चप्पल तरी असते. म्हैस ओल्या शेणामुतात उघड्या खुरांनी उभी, पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर, आणि करंट जातो तो नेमका छातीतून. आपल्याला कळणारही नाही एवढ्या थोड्या व्होल्टला गाय पान्हा चोरते, पाण्याच्या टाकीला तोंड लावत नाही. गुरं कारण नसताना बिथरत असतील तर बाहेरची बाधा बघण्याआधी टेस्टर घेऊन जा.

म्हणून गोठ्यात लोखंडी खांब, दावणीच्या साखळ्यांचा पाइप, पत्र्याचं छप्पर, पाण्याचा लोखंडी नळ हे सगळं हिरव्या वायरने एकमेकांना आणि अर्थला जोडायचं. कोबा नवीन घालणार असाल तर खालची लोखंडी जाळीही त्यात घ्या. सगळं एकाच पातळीवर राहिलं की एका पायाखाली एक आणि दुसऱ्या पायाखाली दुसरा व्होल्टेज होत नाही.

वळीव

काका, डोळे उघडले. पण आमचे वायरमन आर्थिंग बल्ब लावून तपासतात. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लख्ख पेटला की आर्थिंग एकदम चांगलं म्हणतात. हे बरोबर का?

मेगरवाले काका

नाही. १०० वॅटच्या जुन्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध ५३० ओहमच्या आसपास. आर्थिंग ५० ओहमचं, म्हणजे 'एकदम चांगलं' अजिबात नसलं तरी एकूण होतात ५८०, बल्बवर २१० व्होल्ट येतात. तुमच्या डोळ्यांना काय कळणार २३० आणि २१० मधला फरक? बल्ब फक्त एवढंच सांगतो की वायर कुठेतरी जमिनीला टेकली आहे. शिवाय आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी ती पडेल, आणि हेच वायरमन म्हणतील की तुमची आरसीसीबी खराब आहे.

अर्थ टेस्टर वेगळा येतो, दोन खुंट्या ठोकून मोजतात. लायसन असलेल्या कंत्राटदाराकडे असतोच. आणि एक, गणपतीत मोजलेला आकडा फसवा असतो. जमीन चिंब असते तेव्हा सगळी आर्थिंग्ज गुणी असतात. मे महिन्यात मोजा.

माडाखाली

आमचं आगर गुहागरला, समुद्राला लागून, सगळी पुळण. तिथे काय करावं? वाळूत खड्डा केला की दोन वर्षांत पाइप गंजून चाळण.

मेगरवाले काका

पुळणीत खाली ओल लवकर लागते, त्यामुळे रोध सहसा कातळापेक्षा कमी मिळतो. तुमचं दुखणं गंजाचं. जुन्या पद्धतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपभोवती कोळसा आणि मीठ भरतात. मीठ रोध कमी करतं, पण पाइपही तेच खातं, आणि समुद्राकाठी आधीच मिठाची कमतरता नाही! तुम्ही तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या, भोवती बेंटोनाइट भरा. ती माती ओल धरून ठेवते.

कातळवाल्यांसाठी: अडीच मीटरचा पाइप उभा घालायला जांभ्यात बोअरच मारावी लागते. एका खड्ड्याने भागलं नाही तर दुसरा करा, पण पहिल्यापासून किमान रॉडच्या लांबीइतका लांब, नाहीतर दोघे एकाच मातीवर भांडतात. जागा निवडताना न्हाणीचं किंवा मोरीचं पाणी जिथे बारमाही मुरतं ती बघा. माडाचं आळं चालेल. खड्ड्याऐवजी विहिरीच्या लोखंडी पाइपला अर्थ जोडू नका, बायका त्याच पाण्याला हात लावतात.

खाडीकाठ

'बायका'च का, काका? 🙂

मेगरवाले काका

सगळेच लावतात. कबूल.

शेणामातीचा

एक विचारतो. आमच्या पंपघराला कुणीतरी फक्त फेजची एक वायर नेली आहे. न्यूट्रलच्या जागी विहिरीशेजारी लोखंडी पहार ठोकून तिला जोडलंय. बल्ब पेटतो. वर्षानुवर्षं चाललंय.

मेगरवाले काका

हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. बल्बचा सगळा करंट त्या पहारीतून जमिनीत जातो. पहार उन्हाळ्यात कोरडी पडली की तिच्यावरच व्होल्टेज चढतं. पहारीला हात लावणारा, किंवा पावसात तिच्याजवळ अनवाणी उभा असलेला, तुमच्या सर्किटचा भाग होतो. दिवा पेटतोय म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आजच काढा. मुळातली लबाडी म्हणजे एका वायरीचे पैसे वाचवले.

आणि एक लक्षात ठेवा. अशा घरात कुणी शहाण्याने आरसीसीबी बसवली की ती सारखी पडणार, कारण न्यूट्रलने काही परतच येत नाही. मग आरसीसीबीच काढून टाकतात.

चिरेबंदी

हेच लिहायला आलो होतो! आमच्याकडे आरसीसीबी रोज रात्री पडायची म्हणून आधीच्या वायरमनने तिला बायपास केलं. नंतरच्याने शोधून काढलं, इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मागच्या शेडचा न्यूट्रल एका डब्यात एकत्र पिळले होते. ते वेगळे केल्यापासून आरसीसीबी शांत. तोवर वर्षभर घर बिनकवचाचं.

मेगरवाले काका

अगदी. पडणारी आरसीसीबी तक्रार करत नसते, ती बातमी देत असते.

कातळकाठ, म्हणून तुमच्यासाठी रचना अशी. मांगराची लाइन पडवीच्या प्लगवरून अजिबात नाही. मीटरनंतर मेन बोर्डातून स्वतंत्र काढा. घराची जी आरसीसीबी असेल तिच्या आधीच्या बाजूने, म्हणजे गोठ्यात ओल शिरली तर घरातला फ्रिज आणि दिवे बंद पडणार नाहीत. त्या लाइनला घराकडे २० अँपिअरची सी प्रकारची (मोटार सुरू होतानाचा करंट सोसणारी) डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, आणि १०० मिलीअँपिअरची उशिरा तोडणारी 'एस' प्रकारची आरसीसीबी. मांगरात वेगळा छोटा बोर्ड: आयसोलेटर (सगळी लाइन हाताने तोडायचा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, दिव्या-पंख्याला ६ ची एमसीबी, मशीनला १६ ची. गोठ्यात फॉल्ट झाला तर गोठ्यातलीच आधी पडते, घरापर्यंत येत नाही. केबलमध्ये तिसरी तार अर्थची हवी, आणि मांगराचा खड्डा आणि घराचा खड्डा तिने एकमेकांना जोडायचे.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्याला एकदा दाबायला आईंना शिकवून ठेवा. दाबल्यावर पडली नाही तर ती मेलेली आहे.

कातळकाठ

काका, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "हा माणूस गावात का नाही?" आता जमिनीतून न्यायचं ठरतंय. पण आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ सुरू होतो. किती खोल जावं लागेल?

मेगरवाले काका

या व्होल्टेजच्या केबलसाठी भारतीय मानकात (आयएस १२५५) ७५ सेंटिमीटर खोली सांगितली आहे. खाली वाळूचा थर, केबल, परत वाळू, वर विटा किंवा चिऱ्याचे पातळ तुकडे आणि त्यावर माती. विटा कशाला, तर पुढच्या पिढीतला कुणी टिकाव घालेल तेव्हा आधी विटेवर बसावा.

माडाखाली

७५ सेंटिमीटर? कातळात? मजुरीचे पैसे केबलच्या वर जातील!

चिरेबंदी

जातीलच. पण चिरेखाणीवर चिरे कापणारी मशीन असतात, त्यांच्याशी बोलून बघा, जांभ्यात दोन समांतर काप देऊन मधला भाग फोडता येतो. नुसत्या पहारीने करायला गेलात तर गणपती विसर्जनाला जातील आणि चर तसाच राहील.

आणि जिथे अगदीच खोल जाता येत नाही तिथे आर्मर्ड (पोलादी चिलखत असलेली) केबल जीआय पाइपात घालून गडग्याच्या पायथ्याशी बसवा, वर काँक्रीट. गडग्याच्या आत मात्र घालू नका. गडगा दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतो आणि रचणारा माणूस वायर बघत नाही.

खाडीकाठ

आर्मर्डच घ्या, साधी केबल प्लास्टिक पाइपात घालून नाही. घुशी आणि साळिंदर काही ठेवत नाहीत. रानडुकरांनी तर आमच्या शेजारी पाण्याचा काळा पाइपच उकरून वर काढला होता.

मेगरवाले काका

बरोबर. आयएस १५५४ चा शिक्का असलेली, पोलादी पट्टीचं किंवा तारेचं चिलखत असलेली. त्या चिलखतालाही दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पकडणारा धातूचा तुकडा) लावून अर्थला जोडायचं, वायरमन लोक नेमकं हेच विसरतात. आणि मध्ये जोड नको. ७० मीटर मोजलंय तर चढउतार आणि दोन्ही टोकांचं वळण धरून ८० घ्या.

गोठ्याच्या आत मात्र पीव्हीसी पाइपातून वायरिंग करा, लोखंडी पाइप मुताच्या वाफेने गंजतो. दिवे आणि बोर्ड झाकणवाले, आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे. बटणं म्हशीच्या शेपटीपेक्षा उंच. पेंढ्याच्या बाजूला उघडा होल्डर नको. उन्हाळ्यात तिथे एक ठिणगी म्हणजे मांगर गेलाच.

मुंबईकर_चाकरमानी

मीटरचं कुणी बोललंच नाही. माझा भाऊ शेतीपंपाच्या मीटरवरून मांगरात दिवे, फ्रिज सगळं चालवतो, बिल नगण्य येतं. कातळकाठ, तुमच्याकडे पंपाचं कनेक्शन असेल तर तोच मार्ग.

गडग्यापलीकडे

भावाला आवरा. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये 'अनधिकृत वापर' आहे. ज्या कारणासाठी आणि ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे ती सोडून वापरली की त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुपटीने आकारणी होते, आणि तीही मागच्या काळाची. शेतीपंपाच्या दरात पंपघरातला ४० वॅटपर्यंतचा एक दिवा चालतो. फ्रिज नाही. मीटरच्या आधी हात घातला तर मग कलम १३५, ती सरळ वीजचोरी.

घराच्या मीटरवरून त्याच मालकाच्या, त्याच आवारातल्या, घरगुती वापराच्या गोठ्याला वीज नेणं हे वेगळं. पण मधे सार्वजनिक पाणंद किंवा रस्ता असेल, किंवा मांगर वेगळ्या मालकीचा असेल, तर आधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा. भावकीच्या सातबाऱ्यावर मांगर कुणाच्या नावावर आहे हेही बघून घ्या, नाहीतर केबलवरून दावा सुरू व्हायचा. मंजूर भार १ किलोवॅटचा असेल आणि तुम्ही २ एचपी जोडणार असाल तर भार वाढवून घ्या. दूधविक्रीचा धंदा वाढला, कोंबड्या, कोळंबी असं काही सुरू केलं तर त्यांच्यासाठी 'कृषी–इतर' हा वेगळा दर आहे, त्यात वेगळं मीटर.

मुंबईकर_चाकरमानी

भावाला धागा पाठवला. तो म्हणतो, सगळे असंच करतात.

गडग्यापलीकडे

सगळ्यांना दुप्पट बिल येतं तेव्हा सगळे एकटेच भरतात.

वळीव

तीन दिव्यांसाठी एवढा खटाटोप? सोलर लावा ना. पॅनेल, बॅटरी, एलईडी, झालं.

चिरेबंदी

दिव्यांपुरतं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. १२ व्होल्टवर झटक्याची भीतीही नाही. लाकडांच्या खोपीला, पाखाडीच्या दिव्याला उत्तम. पण २ एचपीची कुट्टी त्यावर होत नाही, आणि जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा बॅटरी तेवढी मोठी घ्यावी लागते. कुणाला पंप हवा असेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ पासून आहे, शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पण तो विषय वेगळा.

माडाखाली

अवांतर: आम्ही पडवीत जनरेटर ठेवलाय. वीज गेली की दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून प्लगमधूनच घराला देतो. आता मांगरालाही मिळेल असं वाटतंय.

मेगरवाले काका

माडाखाली, हे अवांतर नाही. कृपा करून ती वायर आजच कापून टाका. एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्यावर जिवंत असतात, हे एक. दुसरं म्हणजे मेन बंद करायचं राहिलं तर तुमची वीज मीटरमधून उलटी पोलवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला उलट चढवून हजारो व्होल्ट करतो आणि लाइन बंद आहे अशा समजुतीने वर चढलेला लाइनमन मरतो. वादळानंतर सगळीकडे जनरेटर लागतात तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. डबल पोल चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

शेणामातीचा

काका, पहारीची वायर काढली. अजून एक. मांगरात वीज आली की तिथूनच रात्री कुंपणाच्या तारेला लावता येईल का? डुकरं काजूची रोपं ठेवत नाहीत.

गडग्यापलीकडे

नाही. नाही. आणि नाही. मेनची वीज कुंपणात सोडणं बेकायदा आहे, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. दरवर्षी पेपरात वाचतो, मरणारा बहुतेक वेळा शेजारी किंवा घरातलाच असतो.

मेगरवाले काका

झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालतं आणि सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराचा झटका देतं, त्यामुळे जनावर पळतं, मरत नाही. मानकाचा शिक्का असलेलं घ्या, त्याचा अर्थरॉड गोठ्याच्या खड्ड्यापासून लांब ठोका आणि कुंपणावर पाटी लावा. मांगराच्या बोर्डाशी त्या तारेचा काही संबंध असता कामा नये.

मांगरवाडी

काकानु, तुमी सांगितल्यापरमाण वायर सोडवली. दिव्याच्या होल्डरातसून पत्र्याक फेज लागलेलो. पत्रो, खांब, साखळी सगळा एकच. आता नवीन वायरिंग करतंव, आरसीसीबीसकट. म्हशीन आज दोन लिटर दूध जास्त दिल्यान, बायल म्हणता योगायोग.

मेगरवाले काका

योगायोग नसावा. 🙂

कातळकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: सहा स्क्वेअर एमएमची तीन तारांची तांब्याची आर्मर्ड केबल, गडग्यापर्यंत चर, पुढे कातळावर जीआय पाइप आणि काँक्रीट. मांगरात दोन खड्डे. रत्नागिरीच्या एका लायसन असलेल्या कंत्राटदाराशी बोललो, ते टेस्ट रिपोर्टही देतील. गावातले वायरमनदादा थोडे नाराज होते, पण त्यांनाच सोबत घेतोय, पुढची देखभाल तेच करणार आहेत. अर्थ टेस्टर मे महिन्यात पुन्हा लावायचं कंत्राटदाराकडून कबूल करून घेतलंय.

शेवटची शंका. वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरात सड्यावर विजा फार पडतात. एवढी लांब केबल जमिनीत आहे, तिच्यातून काही घरात येईल का?

मेगरवाले काका

येऊ शकतं. जवळपास वीज पडली की लांब केबलवर क्षणभर मोठा दाब (व्होल्टेज) उठतो. मेन बोर्डात आणि मांगराच्या बोर्डात एकेक एसपीडी (असा उसळलेला दाब अर्थमध्ये सोडणारी डबी) बसवा. त्याची अर्थची वायर जितकी आखूड आणि सरळ तितकं चांगलं, वेटोळी नकोत. खिडकीत लाल–हिरवी खूण असते, लाल झाली की डबी बदलायची. अगदी अंगणात वीज पडली तर एसपीडीही हात टेकते, म्हणून गडगडायला लागलं की बाबांनी घराकडची डबल पोल एमसीबी खाली करावी. आणि पाऊस थांबेपर्यंत मांगरात कुट्टी करायला जाऊ नये, पेंढा दुपारचाच कापून ठेवावा.